अकरा नंबरचा बिल्ला

शनिवारी साडेपाचला उन्मेषचा निरोप येतो: निघालो, काकू.
म्हणजे मंडळी जेलच्या भिंतीशी.
तिथे तो किल्ला सांगतो, पोर्तुगीज सांगतो, मराठे सांगतो.
मी तोवर वाल सोलत असते.
मोड आलेला एकेक वाल चिमटीत दाबला
की सालातून सटकतो,
कधी परातीत, कधी थेट फ्रीजखाली.

टेंभी नाक्याला सिनेगॉग. नारळ खवून झालेला.
चर्चपाशी पहिलं दूध, तलावपाळीला दुसरं.
कौपिनेश्वराच्या दारात ते आपापल्या चपला शोधत असतील
तेव्हा सोडे भिजून फुगलेले असतात
आणि मी गॅस मोठा करते.

बत्तीस वर्षं या खारकर आळीत आहे.
हा फेरफटका मी कधी केलेला नाही.
त्याचा शेवटचा थांबा मी आहे.
पत्रकात छापलंय: अस्सल कायस्थी जेवण, घरगुती वातावरणात.
वातावरण म्हणजे
सोफा गॅलरीत ढकललेला,
टिपणिसांकडून आणलेल्या सहा खुर्च्या
आणि टीव्हीवर टाकलेली भरतकामाची चादर.

मागच्या शनिवारी सोळा ताटं मांडली,
पंधरा माणसं आली.
उन्मेषने दोनदा बिल्ले मोजले. अकरा नंबर नाही.
फोन लावला, बंद.
त्याचा चेहरा असा झाला
की वाटलं, हा आता पोर्तुगीजांनाच जबाबदार धरणार.
‘तू यांना सरबत दे,’ म्हटलं, ‘मी बघते.’
‘काकू, तुम्ही? गुडघा...’
गुडघ्याला रस्ता पाठ आहे रे.

घरातल्याच स्लिपर, बोटांना हळद.
जांभळी नाक्यावर भाजीवाल्यांचे दिवे लागलेले,
एकाने नेहमीसारखी अळूची जुडी पुढे केली,
मी हातानेच नको म्हटलं.

तलावाच्या कठड्याशी सापडला.
साठीचा माणूस, गळ्यात बिल्ला,
बदकाच्या आकाराच्या बोटीकडे बघत उभा.
‘शिरगुप्पे,’ म्हणाले, ‘इचलकरंजी. हितं घोडबंदरला लेकाकडं असतोय.
ते राजाबद्दल सांगत हुते,
म्हटलं पाणी बघून घिऊ, मग गाठू.
मग बघतोय तर कोणच न्हाई.’

आता यांना नेताना काय सांगायचं?
शिलाहार मला येत नाहीत.
म्हणून म्हटलं, ही गिरणी.
लग्नानंतर पहिल्यांदा दळण घेऊन आले
आणि भाजणीत गहू ओतले.
तो दवाखाना. डॉक्टर गेले,
त्यांनी काढलेल्या दाढेची जागा अजून जिभेला लागते.
आणि ही पायरी.
आमचे हे दर रविवारी मासळी घेऊन आले
की इथे दम खायला बसायचे.
एका रविवारी बसले.
पिशवीत दोन पापलेटं होती, घरी कुणीतरी आणून दिली.
इथे पाटीबिटी काही नाही.

शिरगुप्प्यांनी चपला काढल्या,
पायरीला हात लावून कपाळाला लावला.
देऊळ समजले की काय, कोण जाणे.
मी बोलले नाही
की ही बंद पडलेल्या सोनाराच्या दुकानाची पायरी आहे.

घरी पोचलो तर पंधरा जणं टाळ्या वाजवायला लागले.
मला राग आला. खिचडी गार होत होती.
बिरडं वाढलं, सोड्याची खिचडी वाढली,
एका शाकाहारी बाईंना वेगळा भात.
शेवटी निनावं.
‘याला निनावं का म्हणतात?’ चष्मेवाल्या मुलीने विचारलं.
उन्मेषने तोंड उघडलं, त्याच्याकडे याचीही एक गोष्ट आहे.
‘न्हाई नाव,’ शिरगुप्पे म्हणाले, ‘म्हणून निनावं,’
आणि ताट पुढे केलं, ‘अजून एक वडी घाला.’

रात्री आवरताना ताटाखाली बिल्ला सापडला.
उन्मेषला परत द्यायचा आहे.
वालाच्या डब्यात टाकून ठेवलाय,
गुरुवारी भिजत घालताना हाताला लागेल.